मुलाचं डोकं का दुखतंय, हे डॉक्टर कसं शोधतात?

मुलाचं डोकं वरचेवर दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं की बहुतेक आईवडिलांच्या मनात एकच असतं: डॉक्टरांनी एकदाचा स्कॅन लिहून द्यावा, म्हणजे आत काय आहे ते कळेल आणि जिवाचा घोर जाईल. डॉक्टर मात्र प्रश्नच विचारत बसतात. कधीपासून दुखतं? रोज की मधूनमधून? दुखायला लागलं की मूल काय करतं? सकाळी उपाशीपोटी शाळेत जातं का? रात्री घोरतं का? पंधरावीस मिनिटं अशी गेली की आईवडील चुळबुळायला लागतात. खरं तर तपासणी केव्हाच सुरू झालेली असते. मुलांच्या डोकेदुखीत कारणाचा सर्वात मोठा सुगावा या बोलण्यातूनच लागतो. स्कॅनची गरज पडते ती थोड्यांना, आणि तीही डॉक्टरांच्या मनात एखादी नेमकी शंका उभी राहिल्यावर.

‘लहान मुलांचं कसलं डोकं दुखतंय, शाळा बुडवायची नाटकं’ हे अजूनही ऐकू येतं. त्याला उत्तर फार आधीच मिळालेलं आहे. स्वीडनमधल्या उप्साला शहरात 1955 साली बो बिले या बालरोगतज्ज्ञाने 7 ते 15 वर्षांच्या जवळपास 9,000 शाळकरी मुलांची पाहणी केली. सातव्या वर्षापर्यंत दहातल्या चार मुलांचं कधी ना कधी डोकं दुखून गेलेलं होतं. पंधराव्या वर्षापर्यंत हे प्रमाण चारात तीन इतकं झालं. म्हणजे डोकेदुखी ही बालपणातली अगदी नेहमीची गोष्ट आहे. डॉक्टरांपुढचं काम असतं ते या भल्यामोठ्या गर्दीतून ती मोजकी मुलं वेगळी काढायचं, ज्यांच्या डोकेदुखीमागे दुसरा एखादा आजार दडलेला आहे.

हे काम अवघड का, ते समजायला शरीराची एक गंमत माहीत हवी. मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, तिथल्या रक्तवाहिन्या, कवटीबाहेरचे स्नायू, मानेचे सांधे, दात, सायनस (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या), डोळे. यातल्या बऱ्याच भागांची संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच चेतातंतूच्या जाळ्यातून वर जाते. त्यामुळे दाढ किडलेली असली तरी कानशील ठणकू शकतं आणि मानेचं दुखणं डोळ्यामागे जाणवू शकतं. ‘नेमकं कुठे दुखतं’ या प्रश्नाच्या उत्तरावर म्हणूनच डॉक्टर फारसे विसंबत नाहीत. त्यांना जास्त रस असतो तो हे दुखणं दिवस-महिन्यांत कसकसं बदलत गेलं यात.

चार रेषा

आडवी रेघ म्हणजे काळ आणि उभी रेघ म्हणजे दुखण्याची तीव्रता, असा एक साधा आलेख मनात काढा. मुलांची बहुतेक डोकेदुखी या आलेखावरच्या चार आकारांपैकी एकात बसते. अनुभवी डॉक्टर प्रश्न विचारताना मनातल्या मनात हाच आलेख काढत असतात.

पहिला आकार एकाच उंच सुळक्याचा. काल-परवापर्यंत मूल ठणठणीत होतं, आज डोकं दुखतंय. याचं सर्वात नेहमीचं कारण म्हणजे साधा विषाणूचा ताप, सर्दी, घशाचा संसर्ग. ताप उतरला की डोकंही उतरतं. पण मेंदूज्वर, डोक्याला लागलेला मार, क्वचित रक्तस्राव हेही याच आकारात येतात. म्हणून इथे डॉक्टर मान वाकते का, मूल किती तरतरीत आहे, अंगावर पुरळ आहे का, हे आधी बघतात.

दुसरा आकार वेगवेगळ्या सुळक्यांचा, मधे सपाट जमीन. महिन्यातून दोनदा, तीनदा जोरात दुखतं. मधल्या दिवसांत मूल खेळतं, खातं, भांडतं, सगळं व्यवस्थित. हा बहुतेक वेळा मायग्रेनचा आकार. मधले दिवस पूर्ण बरे जाणं ही दिलासा देणारी खूण आहे, कारण वाढत जाणारा आजार असा सुट्टी घेत नाही.

तिसऱ्या आकारात रेष जमिनीला टेकतच नाही, पण चढतही नाही. महिनोन् महिने जवळजवळ रोज थोडंफार दुखतं. तणावाची डोकेदुखी, जुनाट झालेलं मायग्रेन, गोळ्यांच्या अतिवापराने आलेली डोकेदुखी ही इथली मंडळी. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस आणि तेही तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल तर डॉक्टर तिला जुनाट म्हणतात.

चौथा आकार चढणीचा. दोन आठवड्यांपूर्वी अधूनमधून दुखायचं, मग एक दिवसाआड, आता रोज, आणि प्रत्येक खेपेला आधीपेक्षा जास्त. ही रेष दिसली की डॉक्टरांचा सूर बदलतो. कवटीतला दाब वाढवणारी कारणं, म्हणजे गाठ, पाणी साठणं, पू होणं, ही सहसा अशीच चढत जातात. स्कॅनची चिठ्ठी बहुतेक वेळा या चौथ्या रेषेसाठी लिहिली जाते.

मूल सांगत नाही, तेव्हा

हा आलेख काढायचा तर माहिती हवी, आणि पाच वर्षांचं मूल ‘ठणकतंय’ आणि ‘जड झालंय’ यातला फरक सांगू शकत नाही. मग डॉक्टर वागणं विचारतात. दुखायला लागल्यावर मूल टीव्ही बंद करायला सांगतं का? अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतं का? आपणहून खेळ सोडतं का? उलटी झाली आणि झोप लागली की उठल्यावर ताजंतवानं होतं का? प्रकाश आणि आवाज सहन होत नाही हे मुलाने शब्दांत सांगायलाच हवं असं नाही. वागण्यावरून ते ताडलं तरी निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत चालतं.

काही डॉक्टर मुलाच्या हातात कागद-पेन्सिल देतात आणि म्हणतात, ‘डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं, चित्र काढ बरं.’ यात मूल रमवण्याचा भाग थोडा. तिथे खरोखर माहिती मिळते. डोक्यावर हातोडा मारणारा माणूस, डोळ्यांपुढे नागमोडी रेघा आणि ठिपके, अंथरुणात पडलेली आकृती आणि शेजारी उलटीसाठी भांडं, अशी चित्रं मायग्रेनच्या मुलांकडून येतात. डोक्याभोवती घट्ट पट्टा आवळलेला काढला तर तणावाची डोकेदुखी जास्त संभवते. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 226 मुलांची अशी चित्रं तपासली. चित्र पाहणाऱ्यांना मुलाची बाकी काहीच माहिती नव्हती. तरी चित्रावरून ज्यांना मायग्रेन ठरवलं, त्यातल्या 100 पैकी सुमारे 87 जणांचं डॉक्टरांनी केलेलं निदानही तेच निघालं. एका कागदाकडून यापेक्षा जास्त काय मागायचं!

मुलांचं मायग्रेन मोठ्यांपेक्षा वेगळं दिसतं, आणि त्यामुळे ते वर्षानुवर्षं ओळखलं जात नाही. मोठ्यांत एका बाजूचं डोकं दुखतं. मुलांत बरेचदा कपाळ किंवा दोन्ही कानशिलं. मोठ्यांत हा झटका औषधाविना निदान चार तास टिकतो. मुलांत दोन तासांतही आटोपतो. घरी येईपर्यंत मूल पुन्हा खेळायला लागलेलं असतं आणि ‘नाटक’ हा शिक्का बसतो. निकष मात्र स्पष्ट आहेत. असे निदान पाच झटके येऊन गेलेले हवेत. एका बाजूला दुखणं, ठणकणं, मध्यम ते तीव्र वेदना आणि जिना चढण्यासारख्या हालचालीने वाढणं, या चारातल्या दोन गोष्टी हव्यात. सोबत मळमळ-उलटी तरी हवी, किंवा प्रकाश आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. रक्ताची कुठलीही चाचणी किंवा कुठलाही स्कॅन मायग्रेन ‘दाखवत’ नाही. ते ओळखायचं ते ऐकून.

म्हणूनच घराण्याची चौकशी होते. आईला, मावशीला, आजोबांना असं व्हायचं का? पुष्कळदा आधी ‘नाही’ येतं आणि मग, ‘हो, आईंना पित्ताचा त्रास होता, डोकं बांधून अंधारात पडून राहायच्या.’ डॉक्टरांना हेच ऐकायचं असतं. मूल लहान असताना कारण नसताना वारंवार पोट दुखायचं का, ठरावीक दिवसांनी उलट्यांची लाट यायची का, हेही विचारतात. ती मायग्रेनचीच बालरूपं असू शकतात.

नाहक बदनाम आणि सहज निसटणारे

डोकं दुखलं की पहिला संशय चष्म्यावर जातो. नंबर तपासून घेणं केव्हाही चांगलं, पण वारंवार उलट्यांसह येणारी डोकेदुखी नंबरमुळे सहसा येत नाही. चष्म्याचं दुखणं वाचन लांबल्यावर येतं, हलकं असतं आणि डोळे मिटले की कमी होतं. सायनसचंही तसंच. कपाळातले सायनस साधारण सहा-आठ वर्षांच्या वयापर्यंत नीट तयारही झालेले नसतात, तरी चार वर्षांच्या मुलाच्या कपाळदुखीला ‘सायनस’ म्हटलं जातं. मायग्रेनच्या झटक्यात नाक वाहू शकतं, डोळ्यांतून पाणी येऊ शकतं, त्यामुळे ही गल्लत आणखी पक्की होते. घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप आणि दहा दिवसांहून लांबलेली सर्दी नसेल तर सायनसला दोष देण्याआधी डॉक्टर थांबतात.

उलट काही कारणं अगदी समोर असून निसटतात. घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, सकाळी डोकं धरून उठणारं मूल: वाढलेल्या टॉन्सिल-ॲडेनॉइडमुळे त्याला रात्री नीट श्वासच मिळत नसेल. घरातल्या सगळ्यांचंच डोकं एकदम दुखतंय आणि बाहेर पडलं की बरं वाटतंय: बंद जागेतल्या गिझर किंवा शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड तर साठत नाही ना? इथे बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही फसतो; त्याला हा वायू चिकटलेलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं वाटतं. मुरुमांसाठी चालू असलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या किंवा अ-जीवनसत्त्वाच्या गटातली औषधं कवटीतला दाब वाढवू शकतात, म्हणून ‘त्वचेच्या डॉक्टरांचं काही चालू आहे का’ हा प्रश्न येतो. आणि डोकेदुखीची गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर आधी गोळ्यांचा हिशेब मांडावा लागतो.

मोठ्या मुलांशी डॉक्टर थोडा वेळ एकट्याने बोलू पाहतात. पालकांना कधी ते खटकतं, पण बाहेर थांबावं. शाळेत कुणी छळतं का, झोप किती होते, मन उदास असतं का, घरात ताण आहे का, याची खरी उत्तरं आईबाबांसमोर येत नाहीत. ताणामुळे दुखतं याचा अर्थ दुखत नाही असा मुळीच नव्हे. ती वेदना खरीच असते.

टेबलावरची तपासणी

मग मूल टेबलावर चढतं. आधी उंची-वजन. डोकेदुखीत उंचीचं काय काम? मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्याजवळ गाठ वाढली तर काही वेळा दुखण्याच्या कितीतरी आधी मुलाची उंची वाढायची थांबते, तहान फार लागायला लागते. लहान बाळात डोक्याचा घेर मोजतात, कारण टाळू भरलेली नसते आणि आतला दाब वाढला की डोकंच मोठं होतं. रक्तदाब मोजतात, आणि तोही मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्याने; पट्टा लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो. त्वचेवर फिकट तपकिरी डाग मोठ्या संख्येने दिसले तर ते न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजाराची खूण असू शकतात आणि त्यात गाठींची शक्यता वाढते.

पुढचा भाग खेळासारखा दिसतो. ‘या रेषेवर टाचेला पंजा लावून चाल. आता डोळे मिटून उभा राहा. माझ्या बोटाला हात लाव, मग तुझ्या नाकाला.’ मूल हसत हसत करतं, आणि डॉक्टर छोटा मेंदू तपासत असतात. मुलांच्या गाठी मोठ्यांच्या मानाने कवटीच्या मागच्या-खालच्या भागात जास्त होतात. छोटा मेंदू तिथेच असतो, आणि मेंदूतलं पाणी खाली वाहून जाण्याची वाटही तिथूनच जाते. म्हणून तोल जाणं, मान एका बाजूला कलती धरणं आणि सकाळच्या उलट्या हे त्रिकूट डॉक्टरांच्या मनात घंटा वाजवतं. सकाळीच का, तर रात्रभर आडवं पडल्याने आणि झोपेत श्वास मंदावल्याने कवटीतला दाब आणखी चढलेला असतो. उठून बसल्यावर, उलटी झाल्यावर तो थोडा उतरतो.

या सगळ्यात मला सर्वात मोलाची वाटते ती दोन मिनिटं, जेव्हा खोलीतला दिवा मंद करून डॉक्टर ऑफ्थॅल्मोस्कोपने मुलाच्या डोळ्यात बघतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1851 साली हे यंत्र जगापुढे आणलं, आणि आजही कवटी न उघडता आतल्या दाबाचा अंदाज घ्यायची ही सर्वात स्वस्त खिडकी आहे. दृष्टीचा चेतातंतू डोळ्यात शिरतो तिथे एक गोल, रेखीव कडांची चकती दिसते. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढला की तो चेतातंतूच्या आवरणातून पुढे पोचतो आणि चकतीच्या कडा सुजून पुसट होतात. अशी सूज दिसली तर स्कॅन त्याच दिवशी. मात्र सूज यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून एकदा डोळा ठीक दिसला एवढ्यावर डॉक्टर विषय मिटवत नाहीत.

स्कॅन कुणाला

मेंदूत गाठ असलेल्या 3,291 मुलांच्या नोंदींचा एक मोठा अमेरिकी अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 62 टक्के मुलांना डोकेदुखी होती. पण डोकेदुखी होती आणि तपासणीत मात्र मज्जासंस्थेचा एकही दोष नव्हता, अशी मुलं त्यांत 3 टक्क्यांहून कमी निघाली. टेबलावरच्या तपासणीला एवढं वजन आहे ते यामुळे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2002 साली हेच शिफारशीत आणलं: डोकं वारंवार दुखतं पण तपासणी पूर्ण ठीक आहे, अशा मुलांचा सरसकट स्कॅन नको, आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) हीही नको.

‘पण खात्री करून घ्यायला काय हरकत?’ हरकत आहे. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो आणि वाढत्या वयात तो जास्त बाधतो. एमआरआयमध्ये तो नाही, पण अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावं लागतं, म्हणून लहान मुलांना गुंगीचं औषध द्यावं लागतं. तिसरी हरकत कुणी फारशी सांगत नाही. निरोगी मुलांच्या स्कॅनमध्येही ॲरॅक्नॉइड सिस्ट (मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी) यासारख्या निरुपद्रवी गोष्टी सापडतात. डोकेदुखीशी त्यांचा संबंध नसतो, पण रिपोर्टात शब्द छापून आला की घराची झोप उडते आणि पुढे वर्षानुवर्षं स्कॅन होत राहतात.

आणि शंका असेल तेव्हा डॉक्टर एक दिवसही दवडत नाहीत. मार लागला असेल किंवा ताज्या रक्तस्रावाची भीती असेल तर सीटी, कारण तो मिनिटांत होतो. बाकी बहुतेक वेळा एमआरआय. मेंदूज्वराचा संशय असेल तर पाठीच्या मणक्यांमधून सुईने मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासतात. स्कॅन ठीक पण डोळ्याची चकती सुजलेली, असं असेल तर अशाच सुईला उभी नळी जोडून त्यात पाणी किती उंच चढतं यावरून दाब मोजतात. मुलांत तो 28 सेंटिमीटरच्या वर गेला तर वाढलेला धरतात.

पालकांनी कशासाठी थांबू नये तेही सांगतो. काही सेकंदांत शिगेला पोचलेली, ‘अशी कधीच दुखली नव्हती’ अशी डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, आकडी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, हातापायातली ताकद जाणं, दोन दोन दिसणं, डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या. यात ओपीडीची वेळ बघायची नाही, सरळ तातडीच्या विभागात जायचं. तीन-चार वर्षांहून लहान मूल डोकं दुखतं म्हणत असेल, खोकताना-वाकताना दुखणं वाढत असेल, मूल पहाटे दुखण्याने जागं होऊन उलटी करत असेल, अक्षर किंवा स्वभाव काही आठवड्यांत बिघडला असेल, तर पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नये. मेंदूतलं पाणी वळवायला शंट (नळी) बसवलेला असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर साध्या वाटणाऱ्या डोकेदुखीलाही डॉक्टरांना फोन करावा.

यातलं काहीच नसेल तर पहिल्या भेटीत बहुधा एक वही सांगितली जाते. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती तास टिकलं, दहापैकी किती गुण दुखलं, आदल्या रात्री झोप किती, जेवण चुकलं होतं का, उलटी झाली का, कुठली गोळी दिली आणि किती वेळाने उतरलं. मुलींमध्ये पाळीची तारीखही. चार-सहा आठवड्यांची अशी नोंद दुसऱ्या भेटीत समोर ठेवली की वरच्या चार रेषांपैकी कुठली, हे डॉक्टरांना कागदावरच दिसतं. बरेचदा पालकांना वाटत असतं ‘रोजच दुखतं’, आणि वही सांगते आठवड्यातून दोनदा, तेही जेवण चुकलेल्या दिवशी. दुसऱ्या भेटीत डॉक्टर चालायला लावतात, डोळ्यात बघतात, उंची मोजतात, सगळं पुन्हा. पहिल्या खेपेला न दिसलेली गोष्ट दिसली, तर स्कॅनचा निर्णय तेव्हाही बदलता येतो.